'सगळी देवाची कृपा' म्हणण्याआधी आपले काम नीट पाहावे

प्रश्न थोडक्यात असा आहे. लहानपणापासून ख्रिस्ती मंडळीत वाढलेल्या, शिक्षण, नोकरी, घर, मुलांची शिक्षणे असे सगळे कष्टाने उभे केलेल्या माणसाला स्वतःच्या कामाचा आनंदच घेता येत नाही. कुणी कौतुक केले की अवघडायला होते, तोंडून आपोआप 'सगळी देवाची कृपा' निघते आणि विषय तिथेच संपतो. मनात मात्र केलेले काम पोकळ वाटते आणि राहून गेलेले काम टोचत राहते. आपण केलेल्या कामाचा आनंद मानणे हा गर्व आहे का? नसेल तर तो मानायला शिकायचे कसे?

तो गर्व नाही. 'देवाची कृपा' हे वाक्यही खरेच आहे, फक्त ते फार लवकर उच्चारले जाते. आपण काय केले, किती केले, कुणासाठी केले हे नीट पाहून झाल्यावर ते म्हटले की ती खरी उपकारस्तुती होते. काहीच न पाहता म्हटले तर ते कौतुक टाळायचे साधन बनते. अशा माणसाला 'कशाबद्दल आभार मानलेस?' असे विचारले तर उत्तर देता येत नाही. पुढे जी पद्धत सांगितली आहे ती सगळी या क्रमावर उभी आहे: आधी पाहणे, मग नाव देणे, मग आभार, आणि शेवटी ते काम देवाच्या हाती सोपवणे.

पण आधी ज्या वचनांमुळे पाऊल अडते त्यांच्याकडे पाहायला हवे. ती मनातून मोकळी झाली नाहीत तर कुठलीही पद्धत आठवडाभरात गळून पडते.

पहिले लूक 17:10 (बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा 17 वा अध्याय, 10 वे वचन). सगळी आज्ञा पाळून झाल्यावरही 'आम्ही निरुपयोगी दास आहोत' असे म्हणा, असे येशू शिष्यांना सांगतो. हे वाक्य दासाच्या तोंडचे आहे. काम केले म्हणून देवाकडे बिल पाठवता येत नाही, एवढेच ते सांगते. धनी काय म्हणतो ते दुसरीकडे वाचायचे. मत्तय 25 मध्ये धनी 'शाबास, भल्या व विश्वासू दासा' म्हणतो. खुद्द लूकच्याच शुभवर्तमानात, 12:37 मध्ये, जागे राहिलेल्या दासांना धनी जेवायला बसवतो आणि स्वतः कंबर बांधून त्यांची सेवा करतो. दासाने बिल पाठवू नये, पण धन्याने 'शाबास' म्हटले तर कानांवर हात ठेवू नयेत. दोन्ही आज्ञाधारकपणाच आहे.

दुसरे यशया 64:6, आमची सर्व धर्मकृत्ये घाणेरड्या वस्त्रासारखी झाली आहेत. हा प्रकरणभर चाललेल्या सामुदायिक विलापातला एक उद्गार आहे: करार मोडलेली, मंदिर उद्ध्वस्त झालेले पाहणारी प्रजा आपले पाप कबूल करते आहे. आठ तास वॉर्ड सांभाळून आलेल्या परिचारिकेच्या कामावरचा तो निकाल नव्हे. आपल्या सत्कृत्यांनी तारण विकत घेता येत नाही ही शिकवण त्यातून नक्की घ्यावी. पण तारण विकत घेता येत नाही म्हणून कामाला किंमतच नाही, ही उडी त्या वचनात नाही.

तिसरा अडसर सर्वांत जुना आहे: लूक 18 मधला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोर पाळणाऱ्या यहुदी पंथातला माणूस. लोकांना वाटते, आपण आपले चांगले काम देवापुढे बोलून दाखवले की आपण परूशी झालो. नीट वाचले तर दिसते की परूशी आभारच मानतो आहे. 'हे देवा, मी तुझे आभार मानतो' हीच त्याच्या प्रार्थनेची सुरुवात आहे. म्हणजे नुसते देवाचे नाव घेतल्याने गर्वापासून सुटका होत नाही. त्याची चूक पुढच्या शब्दांत आहे, 'इतर माणसांसारखा मी नाही... ह्या जकातदारासारखाही नाही'. त्याची नजर शेजारच्यावर आहे. प्रेषित पौल हीच फट गलतीकरांस पत्र 6:4 मध्ये बुजवतो: प्रत्येकाने आपापल्या कामाची परीक्षा करावी, म्हणजे दुसऱ्याच्या संबंधाने नव्हे तर केवळ आपल्या संबंधाने अभिमान बाळगायला जागा मिळेल. पौलाने अभिमानाला जागा ठेवली आहे. तुलनेला ठेवलेली नाही.

संत थॉमस अॅक्विनास (1225–1274) यांनी हा प्रश्न फार स्वच्छ सोडवला आहे. त्यांच्या मते नम्रता आणि मनाचा मोठेपणा हे दोन्ही सद्गुण आहेत आणि त्यांचे भांडण नाही. देवाकडून मिळालेल्या देणग्यांकडे पाहून माणूस स्वतःला मोठ्या कामाच्या योग्य समजतो. स्वतःच्या उणिवांकडे पाहून तो नमतो. एकाच माणसाच्या या दोन नजरा आहेत. इतकेच नाही, तर आपल्या कुवतीपेक्षा स्वतःला लहान समजून काम टाळणे याला ते दोष मानतात, आणि उदाहरण म्हणून भीतीपोटी धन्याचा पैसा जमिनीत पुरणाऱ्या दासाकडे बोट दाखवतात. व्यर्थ कीर्तीचीही त्यांनी तीन लक्षणे दिली आहेत: कीर्ती नसलेल्या किंवा क्षुल्लक गोष्टीची असते, ज्याचे मत भरवशाचे नाही अशा माणसाकडून हवी असते, किंवा तिचा रोख देवाचा सन्मान आणि शेजाऱ्याचे हित यांच्याकडे नसतो. आपल्या आनंदाला हे तीन प्रश्न विचारावेत: गोष्ट खरी आहे का? सांगणारा जाणकार आहे का? कुणाच्या उपयोगी पडली का? तिन्ही उत्तरे 'हो' आली की निःशंक आनंद करावा.

त्या तालांताच्या दाखल्यातला (मत्तय 25) एक हिशेब करून पाहण्यासारखा आहे. तिथे धनी तीन दासांना पाच, दोन आणि एक तालांत पैसा देऊन जातो. पहिले दोघे तो दुप्पट करतात, तिसरा पुरून ठेवतो. एक तालांत म्हणजे सहा हजार दीनार, आणि मत्तय 20:2 प्रमाणे एक दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. वर्षाचे कामाचे 300 दिवस धरले तर एक तालांत म्हणजे 20 वर्षांची कमाई. ज्याला सर्वांत कमी मिळाले त्यालाही एवढे मिळाले होते. शिवाय पाचवाल्याला आणि दोनवाल्याला मिळालेली शाबासकी (25:21 आणि 25:23) सारखीच आहे. पाच जास्त मिळवले म्हणून एक शब्द जास्त नाही. ज्यांना 'माझे काम लहान, त्यात काय सांगायचे' असे वाटते त्यांनी ही दोन वचने शेजारी शेजारी ठेवून वाचावीत.

केलेल्या कामाकडे थांबून पाहणे ही बायबलमधली जुनी सवय आहे. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात देव सात वेळा आपले काम चांगले असल्याचे पाहतो, आणि त्यातले सहा वेळा काम अजून अपुरे आहे. शिष्य पहिल्या सेवादौऱ्याहून परतले तेव्हा त्यांनी जे केले आणि शिकवले ते सर्व येशूला सांगितले (मार्क 6:30). त्याने त्यांना गप्प केले नाही. ऐकून घेतले आणि 'थोडा विसावा घ्या' म्हणाला. नहेम्याचा तिसरा अध्याय तर बहुतेक जण नावांची यादी म्हणून ओलांडून जातात, पण या विषयावर त्याच्याइतका उपयोगी अध्याय मिळणार नाही. यरुशलेमचा कोट कुणी किती बांधला याची ती नोंद आहे. सोनारांनी काही भाग बांधला, सुगंधी द्रव्ये करणाऱ्याने काही, शल्लूम आणि त्याच्या मुलींनी काही. मरेमोथने एक भाग झाल्यावर दुसराही घेतला. तकोवाच्या सरदारांनी खांदा लावला नाही, तेही लिहिले आहे. 52 दिवसांत कोट पुरा झाला, आणि मग 6:16 मध्ये वाक्य येते की हे काम आमच्या देवाकडून झाले हे शत्रूंनाही कळले. आधी वेस, कडी, अडसर, माणसांची नावे. 'देवाने केले' हे त्यानंतर.

रोजची 15 मिनिटे

लोयोलाचे संत इग्नेशियस (जेझुइट संघाचे संस्थापक) यांची साधना-पुस्तिका 1548 मध्ये पोपच्या मान्यतेने छापली गेली. तिच्यातली दैनंदिन आत्मपरीक्षणाची पद्धत पाच टप्प्यांची आहे: मिळालेल्या उपकारांबद्दल आभार, स्वतःला ओळखण्यासाठी प्रकाशाची याचना, दिवसाचा तासातासाने हिशेब, क्षमायाचना आणि उद्यासाठी निश्चय. पहिला टप्पा आभाराचा आहे याकडे लक्ष द्यावे. 1542 मधल्या एका पत्रात इग्नेशियस यांनी कृतघ्नता हे सगळ्या पापांचे मूळ म्हटले आहे. प्रत्यक्षात मात्र बहुतेक जण पहिला टप्पा अर्ध्या मिनिटात उरकतात, तिसऱ्यात फक्त पापे शोधतात, आणि परीक्षणाची रोजची शिक्षा होऊन बसते. ज्याला स्वतःचे काम दिसतच नाही, त्याने वेळेची वाटणी ठरवून घ्यावी: आभार 4 मिनिटे, प्रकाश 1, हिशेब 6, क्षमा 2, निश्चय 2. घड्याळ लावावे. प्रॉटेस्टंट घरांत हीच गोष्ट रात्रीच्या कौटुंबिक प्रार्थनेनंतर बसून करता येते. पद्धत कॅथलिक परंपरेतून आली असली तरी तिच्यातले प्रत्येक पाऊल पवित्र शास्त्रात आहे.

हिशेबाच्या 6 मिनिटांत वहीत एकच नोंद लिहायची. नोंदीचे तीन भाग.

पहिला भाग: मी काय केले. वाक्यात 'मी' असलाच पाहिजे, क्रियापद साधे भूतकाळी असावे, आणि शक्य तिथे आकडा किंवा वस्तू असावी. 'आज दिवस चांगला गेला' ही नोंद नाही. 'मी आज सातवी ब च्या 41 वह्या तपासल्या आणि अपूर्णांकात अडकलेल्या तिघांना मधल्या सुट्टीत थांबवून पुन्हा शिकवले' ही नोंद आहे. घरातल्या कामालाही हाच नियम. 'मी सासूबाईंना दिवसात सहा वेळा कूस बदलून दिली, पाठीला जखम होऊ दिली नाही.' ज्या बायका म्हणतात की आपण 'काही करत नाही', त्यांच्या वह्या सर्वांत लवकर भरतात.

दुसरा भाग: मला काय मिळाले होते, म्हणून हे जमले. इथे किमान एका माणसाचे नाव हवे. तब्येत, बुद्धी, संधी ही दाने खरी, पण फक्त तीच लिहिली तर नोंद पुन्हा धूसर होते. देव बहुतेक वेळा माणसांच्या हातून देतो. सुईसाठी शीर शोधायला शिकवणाऱ्या सिस्टर, फी भरणारा मामा, रात्री बाळ सांभाळणारा नवरा, असे लिहावे. 'जे तुला दिलेले नाही असे तुझ्याजवळ काय आहे?' हा पौलाचा प्रश्न (1 करिंथ 4:7) असा नावानिशी सोडवायचा असतो. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीकमधून संपूर्ण बायबल मराठीत आणले. 1922 मध्ये त्या वारल्या आणि 1924 मध्ये ते प्रकाशित झाले. ते रमाबाईंचे काम आहे हे कुणी नाकारणार नाही, आणि मिशनच्या छापखान्यात राबलेल्या मुलींचे हात त्यात आहेत हेही नाकारता येणार नाही. एक मान्य केल्याने दुसरे कमी होत नाही.

तिसरा भाग: कुणाच्या उपयोगी पडले. हा भाग एका ओळीचा असतो, पण तो सोडू नये. त्याचे कारण पुढे येईल.

मग त्याच नोंदीवरून प्रार्थना. शब्द असे ठेवता येतील: 'प्रभू, हे काम आज मी केले. बळ तू दिलेस, अमुक माणूस तू दिलास. मला याचा आनंद झाला आहे. तो आनंद आणि हे काम दोन्ही तुझ्या हाती देतो.' ही घडण पौलाच्या 1 करिंथ 15:10 मधली आहे. तिथे आधी 'मी जो काही आहे तो देवाच्या कृपेने आहे', मग 'त्या सर्वांपेक्षा मी अतिशय श्रम केले', आणि पुन्हा 'ते मी केले असे नाही, तर माझ्याबरोबर असणाऱ्या देवाच्या कृपेने'. कृपा, श्रम, कृपा. आपल्याकडे प्रार्थनेत मधला शब्द गिळला जातो. तो मोठ्याने म्हणावा. 'मला आनंद झाला आहे' हे वाक्य म्हणताना पहिले काही दिवस जीभ अडखळेल. तरी गाळू नये.

आठवड्यातून एकदा, शनिवारी रात्री किंवा रविवारी उपासनेआधी, सात नोंदी वाचून एक निवडावी आणि ती एका विश्वासू माणसाला वाचून दाखवावी: जोडीदार, मित्र, पाळक किंवा आध्यात्मिक मार्गदर्शक. ऐकणाऱ्याने सल्ला द्यायचा नाही, फक्त 'ऐकले' म्हणायचे. मार्क 6:30 मध्ये शिष्यांनी केले ते हेच. मग ती नोंद मनात धरून उपासनेला जावे. कॅथलिकांना यासाठी मिस्सातील (त्यांच्या मुख्य उपासनेतील) अर्पणविधीइतकी चांगली जागा दुसरी नाही. तिथल्या प्रार्थनेत भाकर ही भूमीचे फळ आणि मानवी हातांचे काम म्हणून देवापुढे ठेवली जाते. वेदीवर गहू ठेवत नाहीत. कुणीतरी दळलेली, मळलेली, भाजलेली भाकर ठेवतात. माणसाच्या कामाला तिथे नावाने जागा आहे. प्रॉटेस्टंट मंडळीत अर्पणाची थैली फिरते तेव्हा हीच प्रार्थना मनात करता येते.

कुठे बिघडते

सर्वांत आधी बिघडते ते मोठेपणाच्या मोजमापात. पहिल्या दोन दिवसांत पदवी, बढती, फ्लॅट लिहून होतात आणि तिसऱ्या दिवशी लिहायला काही नसते. म्हणून नोंद फक्त आजचीच हवी. तालांताच्या दाखल्यातला धनी 'थोडक्या गोष्टींत विश्वासू राहिलास' म्हणतो. मोठ्या गोष्टींसाठी वेगळी बैठक आहे, ती शेवटी सांगितली आहे.

दुसरी चूक निकाल लिहिण्याची. रुग्ण दगावला, विद्यार्थी नापास झाला, अवकाळीने द्राक्षबाग गेली, त्या दिवशी वही कोरी राहते. पौलाने लावले, अपुल्लोसाने पाणी घातले, वाढवले ते देवाने (1 करिंथ 3:6). तुमच्या नोंदीत लावणे आणि पाणी घालणे येते, वाढ येत नाही. बाग गेली त्या दिवसाची नोंद 'मी पहाटेपर्यंत जागून झाकता येईल तेवढी बाग झाकली' अशी असू शकते. ती खरी आहे, आणि तिच्याबद्दल आभार मानताना नुकसानाचे दुःख लपवावे लागत नाही. स्तोत्रांमध्ये विलाप आणि स्तुती एकाच स्तोत्रात येतात.

तिसरी तुलना. वाक्यात 'पेक्षा' आला की वाक्य खोडावे. स्वतःला कमी लेखणारी तुलनाही खोडावी. 'भावाने माझ्यापेक्षा लवकर घर घेतले' हेही परूशाच्याच नजरेने लिहिलेले वाक्य आहे, फक्त निकाल उलटा.

चौथी अडचण बारीक आहे आणि भाविक माणसांनाच जास्त होते. नोंद लिहिली, आनंद झाला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मन खाऊ लागते: हा गर्व तर नव्हता? काही जण पान फाडतात, काही जण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा पापनिवेदनात सांगतात. इग्नेशियस यांना स्पेनमधल्या मन्रेसा गावी अशाच शंकाकुल मनाने छळले होते, म्हणून त्यांनी यासाठी स्वतंत्र सूचना लिहिल्या. देवाच्या गौरवासाठी काही चांगले करताना 'यात तुझी मिजास आहे' असा विचार आला, तर संत बर्नार्ड यांच्यासारखे उत्तर द्यावे, असे ते सांगतात: तुझ्यासाठी मी हे सुरू केले नाही, तुझ्यासाठी थांबवणारही नाही. हे उत्तर एकदाच द्यायचे. विचाराशी वाद घालत बसले की तो वाढतो. अशा स्वभावाच्या माणसाने क्षमेची 2 मिनिटे मुळीच वाढवू नयेत आणि त्यात एकच गोष्ट घ्यावी. पान फाडू नये.

पाचवी गोष्ट याच्या उलट टोकाची. काही आठवडे सरावले की नोंदी सरळ होतात, मग फुगायला लागतात. याची खूण लूक 12 मधल्या मूर्ख धनवानात सापडते. त्याचे बोलणे वाचा: माझे पीक, माझी कोठारे, माझ्या जिवा. पीक चांगले आले हे खोटे नव्हते. त्याच्या हिशेबात देणारा नव्हता आणि घेणारा नव्हता. म्हणून महिन्यातून एकदा वही चाळून दुसरा आणि तिसरा भाग पाहावा. सलग दोन आठवडे तिसरा भाग रिकामा असेल तर पुढचा आठवडा आपल्या कामातले काहीतरी प्रत्यक्ष कुणाला द्यावे: वेळ, शिकवणी, पैसे. दशांश (उत्पन्नाचा दहावा भाग) देणाऱ्या घरांना हे नवीन नाही.

शुष्क दिवस येतातच. वचन कोरडे, प्रार्थना कोरडी, वही उघडावीशी वाटत नाही. अशा काळात नवे मूल्यमापन करू नये. इग्नेशियस यांचा नियम आहे की आध्यात्मिक उदासीत आधीचे निर्णय बदलायचे नाहीत. तेव्हा जुन्या नोंदी वाचाव्यात, त्यासाठीच तर त्या लिहिलेल्या असतात. मात्र दोन आठवडे किंवा अधिक काळ दिवसाचा बहुतेक वेळ मन खिन्न असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, आपण निरुपयोगी आहोत किंवा जगू नये असे विचार येत असतील, तर तो प्रार्थनेने रेटायचा प्रश्न नाही. ते नैराश्य असू शकते. डॉक्टरांकडे जावे. सरकारची टेली-मानस ही 14416 क्रमांकाची विनामूल्य सेवा चोवीस तास असते. विश्वास कमी पडला म्हणून हे झाले असे कुणी म्हणाले तर ते मनावर घेऊ नये.

कौतुक आणि साक्ष

कुणी कौतुक केले की 'धन्यवाद' म्हणावे आणि एक श्वास थांबावे. मग एक खरा तपशील सांगावा आणि एक नाव घ्यावे. 'धन्यवाद. या कार्यक्रमासाठी आम्ही तीन महिने सराव केला, आणि पेटी वाजवणाऱ्या काकांनी फार सांभाळून घेतले.' एवढे पुरे. 'छे, त्यात काय एवढे' म्हटले की बोलणाऱ्याची पारख आपण खोटी ठरवतो. लगेच प्रवचन सुरू केले की त्याला आपण ऐकलेच नाही. नमुना लूकच्या पहिल्या अध्यायात आहे. अलीशिबा येशूची आई होणाऱ्या मरियेला धन्य म्हणते, आणि मरिया तिला खोडून काढत नाही. आतापासून सर्व पिढ्या मला धन्य म्हणतील असे ती स्वतःच म्हणते आणि पुढच्याच शब्दांत कारण देते: जो समर्थ आहे त्याने माझ्यासाठी महत्कृत्ये केली आहेत. संपूर्ण नवा करार शोधला तरी नम्रतेचे याहून निर्भय उदाहरण मिळणार नाही.

मुलांच्या बाबतीत हे जास्त जपावे. दहावीचा निकाल लागला की घरात 'देवाने पास केले' एवढेच बोलले जाते. मुलाच्या पहाटेच्या अभ्यासाचा त्यात उल्लेखही नसतो. आणि पुढे कधी तो नापास झाला तर त्याच तर्काने देवाने त्याला टाकले असे होते. हा निष्कर्ष मुले मनातल्या मनात काढतात, बोलून दाखवत नाहीत. म्हणून म्हणावे: 'तू वर्षभर पाचला उठून गणिते सोडवलीस, ते आम्ही पाहिले. चला, त्याबद्दल देवाचे आभार मानू.' नापास झाला तरी पहिले वाक्य तसेच म्हणता आले पाहिजे.

मंडळीत साक्ष देताना, म्हणजे देवाने आपल्यासाठी काय केले ते सर्वांपुढे सांगताना, 3 मिनिटे पुरेत, आणि नोंदीचे तेच तीन भाग घ्यावेत. पगाराचा आकडा, गुणांची टक्केवारी, फ्लॅटचे चौरस फूट सांगू नयेत. त्याच बाकावर नोकरी गेलेला माणूस बसलेला असतो, आणि तुमचा आकडा त्याच्या काही उपयोगाचा नसतो. तुम्ही कसा तग धरला, कुणी हात दिला, हे त्याच्या उपयोगाचे असते.

सामुदायिक आनंदाची जागा आपल्या परंपरेत आधीपासून आहे. मुंबई-वसई भागातले ईस्ट इंडियन ख्रिस्ती ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा साजरा करतात, भाताच्या नव्या लोंब्या चर्चमध्ये आणून आशीर्वादित करतात. गोव्यात नव्या कणसांचे सण ऑगस्टमध्ये होतात. अनेक मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांत कापणीच्या उपकारस्तुतीला धान्य, भाजी, कोंबड्या वेदीपुढे येतात आणि नंतर त्यांचा लिलाव होतो. शेती सुटलेल्या कुटुंबांनी त्या दिवशी नुसती बाजारातून फळे आणून ठेवू नयेत. शिंप्याने शिवलेला एक सदरा, शिक्षिकेने तयार केलेला तक्ता, सुताराने केलेला पाट आणावा. हातचे काम वेदीपुढे ठेवताना जो संकोच वाटतो तोच घालवायचा आहे.

मागच्या वर्षांचा हिशेब

पोकळ वाटणाऱ्या जुन्या यशांसाठी वेगळी बैठक घ्यावी. 31 डिसेंबरच्या उपासनेआधीचा आठवडा त्याला चांगला. पाच-पाच वर्षांचे तुकडे पाडावेत आणि दर दिवशी एकच तुकडा घ्यावा. प्रत्येक तुकड्यातून एक काम निवडून तीन भागांची नोंद लिहावी. ज्या माणसांची नावे येतील त्यांच्यापैकी हयात असलेल्या एकाला फोन करून किंवा पत्र लिहून नेमके कशाबद्दल ते सांगावे. वारलेल्यांसाठी प्रार्थनेत नाव घेऊन देवाचे आभार मानावेत. अपुऱ्या राहिलेल्या कामांसमोर संदेष्टा शमुवेल याचे वचन लिहावे, 'येथवर परमेश्वराने आम्हांला साहाय्य केले' (1 शमुवेल 7:12). त्याने एबन-एजर ('साहाय्याचा दगड') हा दगड उभारला तेव्हा शत्रू असलेल्या पलिष्ट्यांशी झगडा कायमचा मिटला नव्हता. 'येथवर' म्हणायला पुरेसे झाले होते.

या बैठकीत एखादे यश असे निघते की त्याकडे पाहवत नाही, कारण त्यात कुणाचा तरी हक्क मारला गेला आहे: वाटणीत दाबलेली जमीन, सहकाऱ्याचे श्रेय, दिलेली लाच. त्यावर आभाराची प्रार्थना चढवू नये, ती चढतही नाही. पोकळपणाचे कारण कधी कधी नेमके इथे असते. जकातदारांचा मुख्य जक्कय याने काय केले ते पाहावे (लूक 19:8): अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट. त्या पानावर दोन रकाने करावेत, कष्टाने मिळवलेले एका बाजूला आणि अन्यायाने आलेले दुसऱ्या बाजूला. दुसऱ्या रकान्याबद्दल आधी पापकबुली, मग पाळकांच्या किंवा फादरांच्या सल्ल्याने परतफेड: पैसा असेल तर पैसा, श्रेय असेल तर चारचौघांत नाव घेणे. ती झाल्यावर पहिल्या रकान्याकडे परत यावे आणि त्याची नोंद इतरांसारखीच, 'मी' ने सुरू करून, लिहावी.